आधी हसतील, मग कळेल

पैलवानांचा फोन आला की ताईसाठी शोकसभा ठेवली आहे, कॉलेजच्याच हॉलमध्ये, तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हटलं मला जमणार नाही. तर म्हणाले मग लिहून पाठवा, कोणीतरी वाचून दाखवेल, नंतर कॉलेजच्या अंकात पण छापू. म्हणून हे ताईच्याच फोनवर टाइप करते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जसं बोलते तसं लिहिणार, शुद्ध अशुद्ध तुम्ही बघून घ्या, तुम्ही शिकलेले आहात.

पैलवान कोण हे तुमच्या वर्गाला सांगायला नको, पण अंक बाकीचे लोकही वाचतील म्हणून सांगते. पैलवान म्हणजे ताईच्या वर्गातले एक, काडीसारखे बारीक, म्हणून पैलवान. तशीच घड्याळ. ही ताईची जिवाभावाची मैत्रीण, जन्मात कधी वेळेवर आली नाही म्हणून घड्याळ. आणि माझी ताई रेडिओ. एकदा लावला की बंद होत नाही म्हणून.

कॉलेजात पाऊल न टाकता ही नावं मला पाठ आहेत. आमची आई लवकर गेली. वडील बस डेपोत मेकॅनिक, हात कायम ऑइलने काळे. दोघींना शिकवायला ते नाही म्हणाले नसते, पण घर कोण बघणार. ताई मोठी आणि हुशार, मी धाकटी आणि वर्गात झोपणारी, त्यामुळे कोणाला घरी ठेवायचं याची चर्चा झालीच नाही. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे फार नाही. ताई सुट्टीत होस्टेलवरून घरी यायची आणि बॅग खाली ठेवायच्या आधी सुरू व्हायची. कोण कोणाला काय म्हणालं, कुठले सर पाय ओढत चालतात, मेसच्या आचाऱ्याशी कोण भांडलं. मी भांडी घासत ऐकायचे. सगळ्यांचे आवाज काढून दाखवायची. पैलवानांचा तो चिरका आवाज, घड्याळचं धापा टाकत "सॉरी सॉरी सॉरी". वडील बाहेरून ओरडायचे, "अगं, जरा श्वास तरी घे." ती म्हणायची, "बाबा, श्वास घेतला की वाक्य तुटतं." असं सगळं कॉलेज मी तिच्या तोंडून केलं, फक्त परीक्षा दिली नाही.

कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असो, माईक ताईच्या हातात असायचा. सगळे म्हणायचे ही पुढे मोठी होणार, हिचा आवाज घराघरात जाणार. मग शेवटची परीक्षा झाली आणि वडील गेले. गाडीखाली झोपून काम करत होते, छातीत कळ आली, बाहेर ओढून काढेपर्यंत सगळं संपलं होतं. डेपोने त्यांच्या जागी ताईला घेतलं. गाड्या काही तिला दुरुस्त करता येत नव्हत्या, म्हणून चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि समोर माईक ठेवला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं." निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती तोपर्यंत ती हेच म्हणत राहिली.

ती खोली म्हणजे खोली नव्हतीच, कपाटच. पुढे गोल भोक पाडलेली काच, मागे खुंटीवर डबा, डोक्यावर एक पंखा, तो पण फक्त आवाज करायचा. माईकला मी कापडाची टोपी शिवून दिली होती, कारण आधीच्या माणसाने त्यावर तंबाखू उडवून ठेवली होती. मी घरी शाळेचे गणवेश शिवायचे, त्यातल्याच उरलेल्या निळ्या कापडाची. सगळं गाव तिचा आवाज ओळखायचं आणि चेहरा कोणी ओळखायचं नाही. एकदा चपलेच्या दुकानात ती फक्त म्हणाली, "याच्यापुढचा नंबर दाखवा," तर दुकानदार उभाच राहिला. "बाई, तुम्ही म्हणजे आपला बस स्टँड ना!"

माझं लग्न झालं आणि मोडलं, ते सांगण्यासारखं नाही. पण मी पेटी घेऊन परत आले तेव्हा आजूबाजूच्या बायका दारात जमल्या होत्या. काय झालं, का आली, कायमची का. ताई दारात उभी राहिली आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. सदर गाडी परत आलेली आहे. कारण विचारू नये." बायका हसल्या आणि पांगल्या. मी आत रडत बसले होते ती पण हसले. ताईचं हे असं होतं. आधी हसवायचं. रडायचं ते नंतर, आणि शक्यतो दार लावून.

मग तिचा आवाज बसला. आधी सर्दी समजलो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. स्टँडवर लोक काचेतून खोकल्याच्या गोळ्या सरकवायचे. गोळ्यांनी जाणारं ते नव्हतं. गाठ होती आणि नेमकी आवाजाच्या पेटीत होती. डॉक्टर म्हणाले पेटीच काढावी लागेल. गळ्याला समोर भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा, नाकातोंडाने नाही. जीव राहील, आवाज राहणार नाही. मग म्हणाले काही लोक आधी आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवतात, घरच्यांसाठी.

मी फोन पुढे केला. म्हटलं, ताई, काहीतरी बोल. माझं नाव तरी घे.

ती म्हणाली, "म्हणजे मी गप्प झाल्यावर पण मला ड्युटीला लावणार का तू? ठेव तो फोन." नाहीच बोलली. ऑपरेशनला नेताना मात्र ढकलगाडीवरून, त्या फाटक्या घोगऱ्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. ऑपरेशनकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे." नर्स तोंडावर हात ठेवून हसली. दार बंद झालं. ताईच्या आवाजातलं मी ऐकलेलं ते शेवटचं.

नंतरचं ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळत नाही. तोंडात वारा नाही म्हणजे काय काय नाही, ते एकेक करून समजत जातं. शिट्टी नाही. वास येत नाही, दूध करपलं तरी ही शेजारी बसलेली. हसली तर खांदे हलतात, आवाज नाही, गळ्याच्या भोकातून नुसती फस फस हवा. रडली तरी तेच. त्यामुळे पाठमोरी असली की हसते का रडते ते कळायचं नाही. चहा फुंकता येत नाही. हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण तिला चहा कडक गरम लागायचा आणि आता फुंकता येईना. मग मी फुंकून द्यायचे. पहिल्यांदा तिला लाज वाटली, मग सवय झाली, मग हुकूम झाला. चमच्याने टेबलावर टक टक करायची, म्हणजे चहा फुंक.

डॉक्टरांनी एक मशीन दिलं होतं, गळ्याला टेकवलं की शब्द उमटतात, पण गिरणी चालल्यासारखी घरघर. ताईने एकदा लावलं, आणि पाटीवर लिहून दाखवलं, "मी रेडिओ आहे, गिरणी नाही." मशीन कपाटात गेलं ते गेलं. आम्ही ओठांवर आलो. ती ओठ हलवायची, मी बघून मोठ्याने म्हणायचे, ती मान हलवायची, बरोबर किंवा चूक. असं करता करता मला तिचं सगळं वाचता यायला लागलं. दुधवाल्याशी, बँकेत, डॉक्टरांशी, ती ओठ हलवणार आणि मी बोलणार. तिच्या शिव्यासुद्धा मीच द्यायचे, बदनाम मी. भांडण झालं की मात्र माझी चंगळ होती. मी तोंड फिरवलं की ती मुकी. मग ती टॉवेल फेकून मारायची, मी वळून बघेपर्यंत फेकत राहायची. एकदा तर बादलीच आली.

स्टँडवर तिच्या जागी कॉम्प्युटरची बाई आली. गोड बोलते आणि चुकीचं सांगते. ताई पेन्शनच्या कामाला जायची तेव्हा बाकावर बसून ओठांनी तिला दुरुस्त करायची. "फलाट चार नाही गं बाई, सहा."

मग फोनवर तुमच्या वर्गाचा ग्रुप निघाला. कोणीतरी तिचा नंबर शोधून काढला आणि ताई परत रेडिओ झाली. दिवसभर फोनवर बोटं. टाइप करायला आवाज कुठे लागतो. तिने काही लिहिलं की ग्रुपवर हसण्याची रांग लागायची, ती मला दाखवायची, खांदे हलवत. पण सांगितलं कोणालाच नाही. कोणी फोन केला तर उचलायची नाही, लिहायची इथे रेंज नाही. सगळे आपल्या आवाजात निरोप टाकायचे, ही लिहायची. घड्याळ तर सारखी मागे लागायची, एकदा आवाज तरी ऐकव बाई, मेलीस का जिवंत आहेस. ताईने लिहिलं, "रेडिओचे सेल गेलेत." तुम्ही सगळे हसलात. खरं तेच सांगितलं होतं तिने.

चाळीस वर्षं झाली म्हणून मेळावा ठरला आणि पैलवानांनी लिहिलं, रेडिओ, माईक तुझाच. ताईने लिहिलं, मग काय, दुसऱ्याचा आहे का.

मी डोक्याला हात लावला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तिथे जाऊन काय हातवारे करणार?"

"तू बोलणार."

"मी? चौथी पास? त्या सगळ्या साहेब लोकांपुढे?"

"तुला कुठे भाषण करायचंय? मी ओठ हलवणार, तू आवाज दे. दुधवाल्याशी करतेस तेच."

"दुधवाला कॉलेजात शिकलेला नाही."

"त्याला विचारलंस का कधी?"

मी म्हटलं बरं बाई, पण आधी ग्रुपवर सांगून टाक एकदाचं. तेव्हा तिने माझी हनुवटी धरली, म्हणजे मी तोंड फिरवू नये म्हणून, आणि सावकाश ओठ हलवले. "सांगितलं की हात जोडलेली चित्रं येतील. शंभर. मग मी तिथे गेले की सगळे मान वाकडी करून बघतील. अरेरे. बिचारी. मला ते नको. मी स्टेजवर जाणार, पहिल्याच वाक्याला हसवणार, मग बघू देत गळ्याकडे. आधी हसतील, मग कळेल. उलटं झालं तर मी तिथेच मेले समज."

पहिलं वाक्य तिने ठरवून ठेवलं होतं. माझ्याकडे बोट करून म्हणायचं, "मंडळी, रेडिओचे सेल गेलेत, म्हणून आज स्पीकर भाड्याने आणलाय." आम्ही स्वयंपाकघरात तालीम केली. उलथनं म्हणजे माईक. मी घाई करायचे, ती उलथन्याने हातावर मारायची. "स्पीकरच्या आधी थांब. हसायला जागा ठेव." मी थांबायला शिकले. तिने गळ्यावर बांधायला नवा रुमाल शिवून घेतला, कपड्याच्याच रंगाचा, कडक इस्त्रीचा, कॉलर वाटावा असा. खोकला होता तिला त्या दिवसांत, रुमाल सारखा बदलावा लागायचा. आम्ही म्हटलं धूळ असेल.

त्या दिवशी आम्ही मुद्दाम उशिरा पोचलो, आधी गप्पांत सापडायला नको म्हणून. हॉल भरलेला. खुर्च्यांना पांढरे अभ्रे घातलेले, मागे तुमच्या सगळ्यांच्या तरुणपणीचा मोठा फोटो. मी ताईच्या मागे उभी राहून लोकांना ओळखत होते. तो पाय ओढणारा म्हातारा म्हणजे ते सर. तो चिरका आवाज म्हणजे पैलवान, अजून काडीच. ताईने लांबूनच सगळ्यांना हात हलवला, "रेडिओ! रेडिओ!" अशी आरोळी उठली. तिचा चेहरा असा झाला होता की काय सांगू. मी तो तिच्या सुट्टीतल्या दिवसांनंतर बघितला नव्हता.

आधी पैलवानांनी गेलेल्या वर्गमित्रांची नावं वाचली, सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग म्हणाले, आता माईक मालकिणीकडे. आम्ही दोघी स्टेजची पायरी चढलो. ताईने माझा हात दाबला. आणि पैलवान म्हणाले, "थांबा थांबा. त्याआधी एक गंमत. मालकिणीला पण माहीत नाही."

स्पीकर खरखरला. आणि ताई बोलली.

"मंडळी, शांत बसा. नाहीतर मी गाईन. आणि मी गायले तर पुढची जबाबदारी माझी नाही." मग हसणं, खूप पोरापोरींचं हसणं, आणि त्यावरून परत ताई, "मागची रांग, हसताय काय, तुमच्यासाठीच म्हणतेय."

देवाशपथ सांगते, मला वाटलं ताईच बोलली. मी वळून तिच्या ओठांकडे बघितलं. ओठ बंद होते.

पैलवानांच्या घरी माळ्यावर जुनी कॅसेट सापडली होती, शेवटच्या वर्षाच्या स्नेहसंमेलनाची. प्रेमाने आणली त्यांनी, मुलाकडून साफ करून घेतली. त्यांना काय माहीत. ज्या गोष्टीसाठी आम्ही उलथनं धरून तालीम केली होती ती त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. पूर्ण हॉल टाळ्या वाजवत होता. पैलवानांनी ताईच्या हातात माईक दिला आणि ओरडले, "आणि आता तोच आवाज, खुद्द मालकिणीकडून!"

ताई माईक धरून उभी. मी तिच्या ओठांकडे बघत. सगळा हॉल गप्प, ऐकायला. तिने ठरलेलं वाक्य म्हणायचं होतं, मी म्हणायचं होतं, थांबायचं होतं. ती काही करेना. मग ओठ हलले. तिने माईक माझ्या तोंडापुढे धरला, सवयीने. आणि मी सवयीने जे दिसलं ते बोलले.

"चल घरी."

हॉल हसला. इतका हसला की खुर्च्या वाजल्या. रेडिओचा विनोद वाटला त्यांना, दुसरीच बाई बोलली हा पण विनोदच. कोणीतरी शिट्टी मारली. तिला हवं होतं ते हसणं आलं, पुरेपूर आलं, आणि ती तशीच उभी. मग पहिल्या रांगेत घड्याळ, नुकतीच येऊन बसलेली, पर्स अजून खांद्यालाच, ती उठून उभी राहिली. तिने रुमाल बघितला होता. ताईला खोकला आला आणि रुमाल पुढे फडफडला, तोंड बंद असताना. पुढची रांग गप्प झाली, मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची, असं शेवटपर्यंत.

कोणीतरी, कोण ते मला माहीत नाही, मोठ्याने म्हणालं, "आपण सगळे उभं राहून तिच्या धैर्याला मान देऊ." सगळे उभे राहिले. मान खाली. मघाशी गेलेल्यांसाठी उभे राहिले होते तसेच. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "मला पण त्या यादीत घातलं." हे मी मोठ्याने बोलले नाही. माईक दुसऱ्या कोणीतरी घेतला, कार्यक्रम चालू राहिला.

जेवताना एकेक जण यायचा. तिच्याशी हळू आणि मोठ्याने बोलायचे, कान गेल्यासारखं. तिच्यासमोर मला विचारायचे, त्या काय खातात? त्यांना झोप लागते का? एकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलीच्या ठेवावा तसा. ताई प्रत्येकाला मान डोलावत होती. हसवायला एकही शब्द बोलली नाही. मी बघत होते ना, ओठ हलतच नव्हते.

घड्याळ शेवटी आली, रडून डोळे लाल. "मला नाही सांगितलंस. बाकीच्यांचं सोड. मला?"

तेव्हा तिचे ओठ हलले. मी म्हटलं, "ती म्हणते, तू उशिरा आलीस."

घड्याळ माझ्यावरच खेकसली. "हे ती म्हणाली का तू?"

"ती. मला एवढं सुचत नाही."

घड्याळने तिला मिठी मारली आणि ताईने पहिलं काम काय केलं तर तिचं डोकं बाजूला सरकवलं, गळ्याचं भोक दाबलं जात होतं म्हणून. त्या दिवसातली खरी अशी गोष्ट एवढीच.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. भांडणात मी जे करायचे ते तिने केलं. ओठ दिसले नाहीत म्हणजे बोलायचं नव्हतं. स्टँडवर उतरलो तेव्हा कॉम्प्युटरची बाई काहीतरी चुकीचं सांगत होती. ताईने दुरुस्त केलं नाही.

धूळ नव्हती ती. फुप्फुसात उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले आधीपासूनच असणार. म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नका की मेळाव्याने ती गेली. पण हेही खोटं सांगत नाही की मेळाव्याने काही झालं नाही. त्यानंतर तिने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. तुम्ही सगळे लिहायचात, लवकर बरी हो, आणि ती फोन उलटा ठेवायची.

एक दिवस मी दुकानातून बटणं घेऊन आले. दार उघडंच. आतून ताईचा आवाज. "मंडळी, शांत बसा. नाहीतर मी गाईन." पैलवानांनी तो आवाज ग्रुपवर टाकला होता ना, तो. मी दारातच थांबले. ताई पलंगावर बसलेली, फोन मांडीवर, आणि तिचे ओठ हलत होते. बरोबर आवाजाबरोबर. एक शब्द मागे नाही, पुढे नाही. कुठे थांबायचं, कुठे हसायला जागा ठेवायची, सगळं. मला समोर ताई बोलताना दिसत होती आणि बोलताना ऐकू येत होती. मला वाटलं हे संपू नये.

तिने मला बघितलं. ओठ थांबले, आवाज चालूच राहिला, तो बंद करायला तिला थोडा वेळ लागला.

"चांगली होती गं पोरगी," ती म्हणाली. शेजारच्या कोणाबद्दल बोलावं तसं.

मग म्हणाली, "पुसून टाक." मी म्हटलं राहू दे ना. तिने माझी हनुवटी धरली. "पुस. उद्या मी गेले की तू हेच लावून बसशील आणि मला विसरशील." मी पुसलं. तिच्यासमोरच पुसलं.

शेवटी दवाखान्यात होती. गळ्याला ऑक्सिजनची नळी, तिथूनच तर श्वास. ओठ सुकलेले, कमी हलायचे. मोठे डॉक्टर आले तेव्हा तिने मला काहीतरी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, काय म्हणतात त्या, त्रास होतोय का, विचारा. मी म्हटलं, चहा फुंक म्हणतेय. डॉक्टर नर्सकडे बघायला लागले, चहा कुठेच नव्हता, तिच्या पोटात दोन दिवसांत पाणी नव्हतं. टेबलावर औषधाचा रिकामा कप होता. मी तो घेतला आणि फुंकला. ती बघत होती. मी पुरेसा फुंकला आणि तिच्या ओठांना लावला. नंतर ती काही बोलली नाही.

आता घरात मी जे बोलते ते फक्त माझंच असतं. त्याची सवय नाही. दुधवाला परवा म्हणाला, बाई, तुम्ही फार गप्प झालात.

पैलवान, तुम्ही विचारलं सभेत ती कॅसेट लावू का. लावा. ती पोरगी तुमच्याबरोबर शिकली, तुमची आहे, तिच्यावर माझा हक्क नाही. मी संपेपर्यंत बाहेर उभी राहीन, तो राग समजू नका. माझ्या कानात तिचा एक आवाज आहे, ढकलगाडीवरचा, घोगरा, फाटका, फलाट क्रमांक एक. तो कुठे रेकॉर्ड केलेला नाही. तुमच्या कॅसेटवरचा आवाज फार स्वच्छ आहे. तो ऐकला की हा पुसला जाईल अशी मला भीती वाटते.

फक्त एक करा. सभा सुरू करताना लगेच उभे राहू नका. आधी तिचं ते वाक्य सांगा, सेल गेलेत म्हणून स्पीकर भाड्याने आणलाय. ते अजून कोणी ऐकलेलंच नाही. स्पीकरच्या आधी थोडं थांबायचं. लोकांना हसू देत. पूर्ण हसून होऊ दे. मग उभे राहा.

मी नाही सांगणार ते. समोर तिचे ओठ नसले की माईकवर माझ्या तोंडून काही निघत नाही. घड्याळला सांगायला द्या. आणि तिला कोणीतरी घरी जाऊन घेऊन या, नाहीतर ती उशिरा येईल आणि परत उलटं होईल.